सर पॉझिटिव्ह

मेडिकल कॉलेजातले मास्तर साधारण चार वाणांचे असतात. पहिला वाण वॉर्डात शिरताना सिस्टरवर आणि बाहेर पडताना रजिस्ट्रारवर ओरडतो. दुसरा एक डोळा पेशंटवर आणि एक घड्याळावर ठेवून राउंड उरकतो, कारण संध्याकाळी त्याची खरी ओपीडी गावात सुरू होते. तिसरा 'आमच्या वेळी' म्हणत म्हणत रिटायर होतो. चौथा वाण दुर्मिळ, तो नाववाल्यांचा. यांच्यापुढे काविळीचा पेशंट ठेवा. त्यांना कावीळ दिसते, पेशंटही दिसतो, पण त्या दोघांच्या मधे खाटेला टेकून उभा असलेला एकोणिसाव्या शतकातला एक युरोपीय डॉक्टर त्यांना जास्त स्वच्छ दिसतो. त्याचं गाव, गुरू, शिष्य, भांडणं सगळं यांना पाठ. पेशंटचं नाव मात्र केस पेपरवर बघावं लागतं.

आमचे सर या चौथ्या वाणाचे. मेडिसिनचे प्रोफेसर. मूळ वेंगुर्ल्याकडचे, त्यामुळे बोलण्यात हेल आणि ताटात मासा. अंगानं काडी, पण एप्रन दोन्ही बाजूंनी लोंबता, कारण खिशांत गुडघ्याची हातोडी, ट्यूनिंग फोर्क, टॉर्च, काडेपेटीत कापूस, टाचणी, मोजपट्टी आणि एका स्कूटरची किल्ली. स्कूटर कधीच भंगारात गेली होती, किल्ली तळपायासाठी ठेवलेली. टाचेपासून करंगळीच्या कडेनं ती ओढत नेली आणि पेशंटच्या पायाचा अंगठा वर उठला की सरांच्या भुवयाही त्याच्याबरोबर उठत.

"काय म्हणायचं याला?"

"बेबिन्स्की पॉझिटिव्ह, सर."

"कोण होता?"

नवा इंटर्न इथे हमखास फसायचा. त्याला वाटे, सर पेशंटबद्दल विचारताहेत. "सर, शेतकरी आहे, परवा माळ्यावरून पडला..." सर चष्मा कपाळावर चढवत. चष्मा कपाळावर गेला याचा अर्थ राउंड थांबला.

"शेतकरी मला दिसतोय. बेबिन्स्की कोण होता?"

मग बेबिन्स्की सुरू. जन्म पॅरिसचा, आईबाप पोलंडचे, थोर शार्कोचा शिष्य. १८८७ च्या एका प्रसिद्ध चित्रात शार्को लेक्चर देतोय आणि एक बाई मागे कोसळतेय. तिला सावरून धरलेला तरुण म्हणजे हा. १८९६ साली त्यानं जेमतेम २८ ओळींचं टिपण वाचलं आणि जगातल्या सगळ्या डॉक्टरांना तळपाय खाजवायला लावलं. अंगठा वर गेला तर मेंदूतून मणक्यात उतरणाऱ्या मज्जामार्गात कुठेतरी बिघाड. तान्ह्या बाळाचा मात्र असाच वर जायचा, कारण त्याचा तो मार्ग अजून पिकलेला नसतो. इथे सर थांबतील असं वाटे. पण सर तिथून बेबिन्स्कीच्या स्वयंपाकघरात शिरत. बेबिन्स्कीनं लग्न केलं नाही, तो भावाबरोबर राहायचा. भाऊ हेन्री, खाण इंजिनीयर. त्यानं 'अली-बाब' या टोपणनावानं १९०७ साली पाककलेवर जाडजूड ग्रंथ लिहिला. "घरी असं जेवण मिळत असेल तर माणूस पेशंटच्या पायाशी शांतपणे बसू शकतो," हा सरांचा सिद्धांत. तो ऐकताना आमची पोटं रिकामी असत आणि शेतकऱ्याचा पाय अजून सरांच्या हातात असे.

तरी बेबिन्स्की हा सरळ माणूस. सरांचा खरा जीव होता तो नावांच्या घोटाळ्यांत.

"वेबर टेस्ट कर," ते सांगत. विद्यार्थी ट्यूनिंग फोर्क वाजवून पेशंटच्या कपाळाच्या मध्यावर टेकवी आणि कुठल्या कानात जास्त ऐकू येतं ते विचारी. "छान. आणि वेबर सिन्ड्रोममध्ये कुठला कान जातो?"

"उजवा, सर."

चष्मा कपाळावर. कारण वेबर सिन्ड्रोमचा कानाशी काडीचा संबंध नाही. बिघाड मध्यमेंदूत. एका बाजूची पापणी पडते, डोळा बाहेर वळतो आणि दुसऱ्या बाजूचे हातपाय लुळे पडतात. ट्यूनिंग फोर्कवाला वेबर लाइपझिगचा. सिन्ड्रोमवाला हर्मन वेबर जर्मनीतून येऊन लंडनला स्थायिक झालेला. त्यानं आपलं सिन्ड्रोम १८६३ साली छापलं आणि त्याच साली त्याला मुलगा झाला, फ्रेडरिक पार्क्स वेबर. मुलगा बापाला वरचढ निघाला. स्टर्ज-वेबर त्याचं, ऑस्लर-वेबर-रेंडू त्याचं, वेबर-ख्रिश्चन त्याचं. शिवाय घोट्याच्या फ्रॅक्चरचे ए, बी, सी असे वर्ग पाडणारा ऑर्थोपेडिकवाल्यांचा स्विस वेबर आणखी निराळा. आपल्याकडे स्थळ 'पाटलांचं' म्हटलं की कुणी गप्प बसतं का? 'कुठले पाटील?' सांगलीचे की जळगावचे ते कळल्याशिवाय सोयरीक पुढे सरकत नाही. सरांची शिस्त तीच. केस पेपरवर नुसतं 'वेबर' दिसलं की ते लाल पेनानं शेजारी लिहीत, 'कुठला?' 'हंटर' दिसलं की 'कुठला?', कारण मांडीतला हंटरचा कॅनॉल जॉन हंटरचा, अठराव्या शतकातला, आणि लहान मुलांतलं हंटर सिन्ड्रोम चार्ल्स हंटरचं, १९१७ सालचं. 'मर्फी' दिसलं तर दोनदा 'कुठला?' शिकागोच्या मर्फीची साइन पित्ताशयाची आणि त्याचाच ठोसा मूत्रपिंडाचा. भूल देणाऱ्यांच्या नळीला जे भोक असतं ते भलत्याच मर्फीचं. आमच्या युनिटचे केस पेपर रेकॉर्ड रूममध्ये लांबून ओळखू येत. लाल असत.

दुसरा प्रकार याच्या नेमका उलटा, म्हणजे नावाला माणूस एकच, पण तो अंगभर पसरलेला. यात सरांचं दैवत पर्सिव्हल पॉट, लंडनचा सर्जन. घोट्याशी पॉटचं फ्रॅक्चर, पाठीत पॉटचा मणका, म्हणजे आपल्याकडे वॉर्डागणिक सापडणारा मणक्याचा क्षय, आणि कपाळावर पॉटचा पफी ट्यूमर. तो ट्यूमर नव्हेच, सायनसमधला पू हाडाबाहेर फुगलेला. सर हे स्वतःच्या अंगावर दाखवत. घोटा, कंबर, कपाळ असा त्यांचा हात फिरला की लांबून बघणाऱ्याला वाटे, सर कुठल्यातरी देवाला नमस्कार करताहेत. धुराडी साफ करणाऱ्या पोरांना काजळीमुळे अंडकोशाचा कॅन्सर होतो हेही पॉटनंच १७७५ साली दाखवलं. त्याला नाव मात्र पॉटचं न लागता धुराड्यांचंच लागलं, याची सरांना खंत. आणि १७५६ ची गोष्ट तर विचारूच नका. पॉट घोड्यावरून पडला, पायाचं हाड मोडून बाहेर आलं. थंडीत रस्त्यावर पडलेल्या या माणसानं कुणाला स्वतःला हलवू दिलं नाही. आधी डोलीवाले बोलावले, एक दार विकत घेतलं, डोलीचे दांडे त्याला ठोकायला लावले आणि त्यावरून घरी गेला. पाय कापायचं ठरलं होतं, तोही वाचला. "स्ट्रेचर नाही म्हणून रडता तुम्ही," सर कॅज्युअल्टीतल्या पोरांना सुनवत, "दारं आहेत ना?" त्यानंतर काही दिवस कॅज्युअल्टीच्या दारावर कुणीतरी खडूनं 'पॉट' लिहून ठेवलं होतं.

सर्जरीच्या परीक्षेतला एक किस्सा सरांनी इतक्या प्रेमानं जपला होता की तो मेडिसिनचा वाटावा. परीक्षक बाहेरगावचे. पेशंट एसटीचा कंडक्टर, उभं राहून राहून पोटऱ्यांवर शिरांच्या गाठी आलेला. परीक्षक म्हणाले, "ट्रेंडेलेनबर्ग दाखव." विद्यार्थ्यानं कंडक्टरला एका पायावर उभं केलं आणि कमरेकडे टक लावून बघत राहिला. परीक्षक म्हणाले, "अरे, झोपवून!" विद्यार्थ्यानं कंडक्टरला टेबलावर आडवा केला आणि डोक्याकडची बाजू खाली सोडली. पाय छताकडे, डोकं जमिनीकडे, अशा अवस्थेत कंडक्टर म्हणाला, "साहेब, सुट्टे पैसे पडतायत."

पोरगा नापास झाला. सर कडाडले. "अन्याय आहे! तीनपैकी दोन ट्रेंडेलेनबर्ग बरोबर दाखवले त्यानं!" आणि ते खरंच होतं. एका पायावर उभं राहिल्यावर कंबर दुसरीकडे कलली तर ती ट्रेंडेलेनबर्गची साइन, खुब्याच्या स्नायूंची, १८९५ ची. डोकं खाली, ओटीपोट वर, ही ट्रेंडेलेनबर्गची पोझिशन. परीक्षकांना हवी होती ती टेस्ट, पाय वर धरून शिरा रिकाम्या करायच्या, मांडीला पट्टा बांधायचा आणि मग उभं करायचं. आणि ती तर ट्रेंडेलेनबर्गच्या आधी इंग्लंडच्या ब्रॉडीनं केलेली. चौथं म्हणजे ऑपरेशन. फुप्फुसाच्या रोहिणीत अडकलेली रक्ताची गाठ छाती उघडून काढायची. १९०८ मध्ये ट्रेंडेलेनबर्गनं ते मांडलं, पण त्याच्या हातून एकही पेशंट घरी गेला नाही. १९२४ साली त्याच्या शिष्याला, किर्शनरला यश आलं, तेव्हा म्हातारा ट्रेंडेलेनबर्ग हयात होता. इथे सरांचा आवाज खाली यायचा. "गुरूचं नाव ऑपरेशनला, जगलेला पेशंट शिष्याचा. आणि शिष्याचं नाव कशाला? तारेला." आमच्या ऑर्थोपेडिकच्या थिएटरात रोज लागणारी के-वायर ती हीच. सरांच्या हाताखाली पुढे नाव काढलेले शिष्य कोण, हे मात्र आम्हाला कधी कळलं नाही. त्यांची नावं सरांना आठवत नसत.

खुद्द मेडिसिनच्या परीक्षेत सरांची सद्दी. महाधमनीची झडप गळकी असलेला एक पेशंट दर परीक्षेला मानधन आणि दुपारचं जेवण यावर येत असे. गळक्या झडपेनं प्रत्येक ठोक्याला रक्त जोरात जातं आणि तितक्याच जोरात परत फिरतं, म्हणून अंगभर जिथे बघावं तिथे काहीतरी उडत असतं आणि प्रत्येक उडत्या गोष्टीवर एकेका डॉक्टरनं आपलं नाव लावून ठेवलंय. मानेतली उडी कॉरिगनची. नख दाबल्यावर लाल-पांढरी होणारी झाक क्विन्केची. मांडीवर स्टेथोस्कोप ठेवल्यावर येणारा पिस्तुलाचा बार ट्रॉबेचा. तोच स्टेथोस्कोप दाबल्यावर दोन्हीकडून येणारा घरघराट द्युरोझिएचा. घाबरलेला विद्यार्थी पाचावर थांबला की हा पेशंट छताकडे बघत, ओठ न हलवता पुटपुटे, "क्विन्के झालं. पडजीभ राहिली." एकदा सरांनी हे ऐकलं आणि परीक्षा संपल्यावर त्याच्याशी हस्तांदोलन केलं. "तुम्ही वाचलंय कुठे?" पेशंट म्हणाला, "वाचलं नाही साहेब. दर वर्षी पोरं चुकतात, तेव्हा तुम्हीच सांगता."

याच झडपेची आणखी एक साइन आहे, डी म्यूसेची. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला मान हलते. डी म्यूसे डॉक्टर नव्हता, फ्रेंच कवी होता आणि पेशंट होता; त्याची हलणारी मान त्याच्या भावानं टिपून ठेवली. ही साइन कळल्यापासून सरांना गाण्याच्या मैफलीत सुख राहिलं नाही. पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवात ते स्टेजकडे पाठ करून बसत आणि माना मोजत. हजारो माना डोलत असताना हा माणूस तबल्याच्या ठेक्याशी एकेक ताडून बघतोय. मध्येच त्यांनी कोपर ढोसलं. "तिसऱ्या रांगेतला बघ. विलंबित चाललाय आणि मान द्रुत. तो रसिक नव्हे, पेशंट आहे." मध्यंतर होण्याआधी सर रांग ओलांडून त्या गृहस्थांच्या मनगटावर तीन बोटं टेकवून उभे होते. गृहस्थ दचकून जागे झाले. ती डुलकी होती. सर परत येऊन बसले. "डुलकीला कुणाचं नाव नाही," ते म्हणाले आणि मग बराच वेळ विचारात पडले.

मासे हा सरांचा एकमेव पक्षपात, आणि त्यात जोनाथन हचिन्सन अडकला. आधी हचिसन आणि हचिन्सन वेगळे करा, हे पहिलं. क्लिनिकल मेथड्सचं १८९७ पासून चालत आलेलं पुस्तक हचिसनचं. दात, बाहुली, नाक हे हचिन्सनचं. जन्मजात सिफिलिसमधले खाच पडलेले पुढचे दात त्याचे. डोक्याला मार लागून आत रक्त साचलं की त्या बाजूची विस्फारलेली बाहुली त्याची. नागीण नाकाच्या शेंड्यावर उतरली तर तीही त्याचीच साइन. मग डोळा धोक्यात, ताबडतोब डोळ्याच्या डॉक्टरकडे. या एका साइननं आमच्या ओपीडीत कित्येकांचे डोळे वाचले आणि त्याबद्दल सर हचिन्सनला मानायचे. पण याच माणसानं आयुष्याच्या उत्तरार्धात हेका धरला की कुष्ठरोग नीट न टिकवलेले मासे खाल्ल्यानं होतो. हॅन्सननं १८७३ मध्येच जंतू पाहिलेला असताना! त्यासाठी तो पार हिंदुस्थानापर्यंत फिरून गेला आणि १९०६ साली त्यावर पुस्तकही छापलं. "वेंगुर्ल्याला आला असता," सर दात खाऊन म्हणत, "तर आईनं सुका बांगडा भाजून घातला असता. मग बघितलं असतं कसा लिहितो." नागीण शिकवताना ते दरवेळी हचिन्सनला आधी वंदन करत आणि मग बांगड्यावरून त्याची खरडपट्टी काढत.

सरांमुळे पेशंटचे हाल होत का? होत, पण सरांच्या हातून नव्हे, नावांच्या हातून. एकदा पायांच्या पोटऱ्या झिजत चाललेला एक तरुण आला. सरांनी उलट्या बाटलीसारखे झालेले त्याचे पाय बघितले, पाऊल उचलताना गुडघा कसा वर जातो ते बघितलं, वडिलांचेही पाय असेच का ते विचारलं आणि केस पेपरवर वळणदार अक्षरात लिहिलं, शार्को-मारी-टूथ. मग १८८६ साली पॅरिसचे दोघे आणि इंग्लंडचा हॉवर्ड हेन्री टूथ यांनी हा आजार वेगवेगळा कसा वर्णिला हे सांगण्यात अर्धा तास गेला. तेवढ्यात खिडकीवरच्या क्लार्कनं त्याला दाताच्या ओपीडीत धाडलं होतं. तिथे त्याची एक दाढ काढायची ठरली. वॉर्डबॉय मामा धावत गेले म्हणून दाढ वाचली. शार्को हा तर सरांच्या मते पोरांना नापास करायलाच जन्मला. त्याचा एक ट्रायड पित्तमार्गाचा, थंडी वाजून ताप, कावीळ आणि उजव्या बरगडीखाली दुखणं. दुसरा ट्रायड मज्जासंस्थेचा, भिरभिरते डोळे, वस्तू धरायला गेलं की थरथरणारा हात आणि तुटक बोलणं. नावं सारखी, गुण वेगळे. "शार्कोचा ट्रायड सांग," म्हटलं की विद्यार्थ्यानं आधी विचारायचं, "यकृताचा की मेंदूचा, सर?" एवढ्यावर सर पास करत.

हे सगळं ऐकून कुणालाही वाटेल, सर नावांचे भाट होते. नव्हते. सर उमेदवार होते. या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, स्वतःच्या नावाची एक साइन. मोठी नको. कोपऱ्यातली, शॉर्ट केसमध्ये कुणी विचारणार नाही अशी चालेल. त्यासाठी ते रोज पेशंटला दहा मिनिटं जास्त बघत. त्या गळक्या झडपेच्या पेशंटच्या डोळ्यात टॉर्च मारून त्यांना एकदा दिसलं की बाहुली नाडीबरोबर लहानमोठी होतेय. सर वाऱ्यासारखे लायब्ररीत. संध्याकाळी तोंड उतरलेलं. "लँडॉल्फी," एवढंच म्हणाले. पुढच्या परीक्षेला पडजीभ उडताना दिसली. म्युलर. यकृत उडताना हाताला लागलं. रोझेनबाख. प्लीहा! प्लीहा कोण बघतं? गेरहार्ट बघतो. त्या एका माणसाच्या अंगावर आता भाड्यानं द्यायला एक इंचही जागा उरली नव्हती.

सर खचले नाहीत, कारण त्यांना माहीत होतं की आधी बघणाऱ्याचं नाव लागतंच असं नाही. गलगंड आणि बाहेर आलेले डोळे ब्रिटिश मंडळी ग्रेव्ह्जच्या नावानं ओळखतात, १८३५ म्हणून. जर्मन बेसडोच्या नावानं, १८४० म्हणून. आणि दोघांच्याही आधी पॅरीनं बघितलेलं, पण त्याचं लिखाण तो वारल्यावर १८२५ मध्ये छापलं गेलं आणि नाव मागे राहिलं. या अन्यायालासुद्धा नियम आहे. कुठल्याच शोधाला खऱ्या शोधकाचं नाव लागत नाही, असं १९८० साली स्टिगलर नावाच्या संख्याशास्त्रज्ञानं मांडलं आणि लगेच कबूल केलं की हे आपल्या आधी मर्टन म्हणाला होता. नियमाला नाव स्टिगलरचं. सर हे सांगून इतके खूश होत की जणू त्यांच्या जखमेवर कुणी सुरेख टाका घातलाय.

टाक्यावरून शिरोडकर निघतच. गोव्यातल्या शिरोड्याचे विठ्ठल नागेश शिरोडकर. मुंबईत त्यांनी गर्भाशयाच्या सैल तोंडाला टाका घालून गर्भ टिकवायची रीत काढली आणि १९५५ साली छापली. जगभरच्या ऑपरेशन थिएटरांत 'शिरोडकर' म्हणतात, शिवाय गर्भाशय वर बांधायच्या स्लिंगलाही त्यांचंच नाव. म्हणजे शिरोडकर हे आपले पॉट. "शिरोडा वेंगुर्ल्याजवळ," सर आम्हाला सांगत. तो शिरोडा निराळा आणि गोव्यातला निराळा, हे कुणीतरी एकदा दबकत म्हणालं. 'कुठला?' विचारणारा माणूस त्या दिवशी पहिल्यांदा गप्प बसला. भेंड्यांचं मात्र त्यांना अजून दुःख. १९५२ साली डॉक्टर भेंड्यांनी सहकाऱ्यांसह मुंबईत तो जगावेगळा रक्तगट शोधला, ज्यात ओ गटाचं रक्तही चालत नाही. जगानं त्याला नाव दिलं बॉम्बे. "पॅरिसमध्ये असते तर भेंडे गट झाला असता. आपल्याकडे पुढे शहराचं नाव बदललं, गटाचं तेच राहिलं. म्हणजे शहरालाही मिळालं नाही आणि भेंड्यांनाही."

आमच्यात नवीन आलेल्या लेक्चररांना ही नावं पटत नसत. नावावरून रोगाचं काही कळत नाही, आजाराला त्याच्या कारणावरून ओळखावं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी एकदा राउंडमध्ये मुद्दाम रायटरचं सिन्ड्रोम काढलं. हान्स रायटर हा नाझी, बुखेनवाल्डच्या छळछावणीतल्या कैद्यांवरच्या प्रयोगांत सामील. आम्हाला वाटलं, सर भांडणार. सरांनी चष्मा कपाळावर नेला नाही. "ते नाव मी माझ्या नोट्समधून केव्हाच खोडलंय. रिअॅक्टिव्ह आर्थ्रायटिस म्हणा. पेशंटला हात लावून जे दिसलं त्याचं नाव लागतं. त्यानं पेशंटला कशासाठी हात लावला ते माहीत आहे ना?" लेक्चरर गप्प. पुढच्या खाटेवर सर पूर्ववत शार्कोत शिरले.

सर निवृत्त झाले त्या दिवशी वॉर्डातच छोटा समारंभ ठेवला होता. हार, शाल, नारळ, बटाटेवडे. रजिस्ट्रार धीर करून उभा राहिला आणि म्हणाला, "सर, तुमच्या नावाचा एक ट्रायड आहे. गेली कित्येक वर्षं पोरं एकमेकांना शिकवतात. एक, चष्मा कपाळावर जातो. दोन, 'कोण होता?' तीन, मेसचं जेवण हुकतं. तिन्ही दिसले की आम्ही म्हणतो, सर पॉझिटिव्ह." हशा, टाळ्या. सरांच्या डोळ्यांत पाणी येईल म्हणून आम्ही रुमाल तयार ठेवला होता. सरांनी विचारलं, "प्रथम कुणी पाहिलं?"

एका बॅचनं हात वर केला. त्यांच्या आधीच्या बॅचनं हरकत घेतली. तिच्याही आधीचे दोघे खास समारंभासाठी आले होते, त्यांनी दावा सांगितला. शेवटी दाराशी उभे असलेले वॉर्डबॉय मामा खाकरले. "तुम्ही लेक्चरर होता ना साहेब, तेव्हापासून मी बघतोय. चष्मा वर गेला की मी मेसला निरोप धाडायचो. या पोरांना गरम ताटं कुठून मिळाली असती?"

सरांनी शाल खांद्यावरून काढून खुर्चीवर ठेवली. "मग प्रश्नच मिटला. साइनला नाव बघणाऱ्याचं लागतं. मी इथे नुसता पेशंट आहे."

"सर, डी म्यूसे पेशंटच होता," रजिस्ट्रारनं जीव तोडून सांगितलं.

"अपवादाचा नियम करायचा नसतो. मामांचा ट्रायड. केस पेपरवर पूर्ण नावानं लिहा." रजिस्ट्रारनं पेन काढलं आणि थांबला. आमच्यापैकी कुणालाच मामांचं नाव ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. सर मामांकडे वळले.

"मामा, तुमचं नाव?"

"पाटील, साहेब."

"कुठले पाटील?" सर म्हणाले आणि चष्मा कपाळावर सरकला. मामांनी तिथूनच मेसच्या पोऱ्याला हातानं खूण केली. ताटं झाक.